कुत्र्याला घेऊन जर्मनीला: चिपपासून पट्ट्यावरच्या बिल्ल्यापर्यंत

जर्मनीतली नोकरी किंवा प्रवेश पक्का झाला की घरात कामांची यादी निघते. व्हिसा, तिकीट, तिकडचं घर, बँक. कुत्र्याचं नाव त्या यादीत शेवटी असतं, 'तिकीट निघालं की बघू' या बेताने. ते सगळ्यात वर हवं. बाकीची कामं पैसे टाकून किंवा कुणाच्या हातापाया पडून चार दिवस पुढे-मागे करता येतात. कुत्र्याच्या कागदपत्रांत मात्र तीन महिन्यांचा एक थांबा आहे आणि तो कुणालाच कमी करता येत नाही. तुमच्या डॉक्टरांना नाही, एजंटला नाही, विमान कंपनीलाही नाही.

हा थांबा रेबीजमुळे आहे. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के एकट्या भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जर्मनीत कुत्र्या-कोल्ह्यांमधला रेबीज 2008 मध्येच संपला. रेबीजची लागण झालेला प्राणी कित्येक आठवडे, कधी महिने, ठणठणीत दिसू शकतो. त्यामुळे युरोपीय संघ आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती मोजून मागतो आणि त्यानंतर तीन महिने वाट पाहायला लावतो. जपान, सिंगापूर किंवा अमेरिकेतून येणाऱ्या कुत्र्याला ही अट नाही, आपल्याला आहे. तेव्हा तिकडच्या कुणा मित्राने 'अरे, फक्त लस आणि चिप लागते' असं सांगितलं, तर तो कुठून कुत्रा घेऊन आला होता ते आधी विचारा.

पुढचं सगळं महाराष्ट्रातून जर्मनीला जाणाऱ्यांसाठी आहे. फ्रान्स, नेदरलँड्स, इटली वगैरे युरोपीय संघातल्या देशांचे मूळ नियम हेच आहेत. आयर्लंड, फिनलंड आणि माल्टा यांना शिवाय पट्टकृमीचं औषध ठरलेल्या वेळेत दिल्याची नोंद लागते. ब्रिटनला विमानाने जायचं तर कुत्रा तुमच्यासोबत केबिनमध्ये किंवा सामान म्हणून जाऊ शकत नाही, कार्गोनेच पाठवावा लागतो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही; आधी त्यांच्या यादीतल्या दुसऱ्या देशात मुक्काम करावा लागतो. अमेरिकेने ऑगस्ट 2024 पासून स्वतःचे नवे नियम आणले आहेत. हे देश ज्यांच्या डोक्यात आहेत त्यांनी हा लेख जशाच्या तसा लावू नये.

सर्वांत आधी जात बघा

पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि यांचे संकर कायमचे जर्मनीत आणायला केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. पुण्या-मुंबईत पिटबुल पाळणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे, त्यांनी नोकरीचं पत्र स्वीकारण्याआधीच हे लक्षात घ्यायला हवं. याशिवाय प्रत्येक राज्याची स्वतःची यादी असते. उदाहरणार्थ बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, रॉटवायलर 'संशयित' यादीत आहे. त्याच्या स्वभावाची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली, तरच सूट मिळते.

गावठी कुत्र्यांच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडचे डॉक्टर लसीकरणाच्या पुस्तिकेत जात लिहिताना कधी अंदाजाने, कधी मालकाला बरं वाटावं म्हणून 'लॅब क्रॉस', 'पिट क्रॉस' असं काहीतरी लिहून टाकतात. आपल्याकडे त्याने काही बिघडत नाही. फ्रँकफर्टच्या विमानतळावर 'पिट क्रॉस' हे दोन शब्द महागात पडू शकतात. कुत्रा गावठी असेल तर सगळ्या कागदांवर 'मिश्र जात' असं एकसारखं लिहून घ्या.

चिप, मग लस. उलटं नाही

पहिलं काम मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मधोमध सुईने त्वचेखाली घालतात. ती आयएसओ 11784 आणि 11785 या मानकांची, 15 आकडी क्रमांकाची हवी. चिप घालण्याआधी डॉक्टरांनी ती पाकिटातच स्कॅन करून क्रमांक स्टिकरशी जुळवून बघावा आणि घातल्यानंतर पुन्हा एकदा स्कॅन करावं, हा आग्रह धरा. दोन मिनिटांचं काम आहे. स्टिकरच्या जास्तीच्या प्रती मिळतात. एक पुस्तिकेत, एक तुमच्या फाइलमध्ये.

रेबीजची लस चिपनंतरच घेतलेली हवी. त्याच दिवशी, पण चिप आधी टोचून मग लस, असं चालतं. आधीची लस मोजली जात नाही. मागची पाच वर्षं न चुकता लस दिलेल्या कुत्र्यालाही चिप आज घातली असेल, तर युरोपच्या दृष्टीने तो आजपर्यंत बिनलशीचाच. कारण साधं आहे: चिप नसताना ती लस नेमकी याच कुत्र्याला दिली, हे कशावरून म्हणायचं? पिल्लू असेल तर लशीच्या वेळी वय किमान 12 आठवडे हवं.

लशीच्या नोंदीत लशीचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि वैधता कधीपर्यंत हे सगळं हवं. लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर उत्तम. चिप कधी घातली तीही तारीख त्याच पानावर लिहून घ्या.

यापुढे लशीत खंड पडू द्यायचा नाही. बूस्टर वैधता संपण्याच्या आत दिला, तर लसीकरण अखंड धरलं जातं. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती लस नव्याने पहिली लस ठरते आणि त्यावर बेतलेली रक्ततपासणीही बाद होते. जर्मनीला जाण्याच्या धावपळीत वर्ष उलटतं आणि हे नेमकं त्याच वेळी विसरलं जातं.

टायटर टेस्ट

लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा. ही रेबीजच्या प्रतिपिंडांची तपासणी. डॉक्टर आणि एजंट तिला 'टायटर टेस्ट' किंवा 'आरएनएटीटी' म्हणतात. निकाल किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर यायला हवा आणि तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच झालेली हवी. मान्यताप्राप्त लॅबची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशवार दिलेली असते. नमुना पाठवण्याच्या दिवशी ती स्वतः उघडून बघा, 'आमची लॅब मान्य आहे' या तोंडी भरवशावर जाऊ नका. बरेच डॉक्टर रक्तातलं सीरम वेगळं करून थेट युरोपातल्या लॅबला कुरियरने पाठवतात. पॅकिंग, कुरियरची कागदपत्रं, लॅबचं शुल्क हे सगळं धरून खर्च अंगावर येतो, पण इथे काटकसर करण्याजोगं काही नाही.

नमुन्याच्या नळीवर आणि अर्जावर चिपचा क्रमांक स्वतः वाचून बघा. 15 आकड्यांत मधला एखादा 0 गळतो, 6 चा 8 होतो. निकाल उत्तम येतो, पण तो कागदावर दुसऱ्याच कुत्र्याचा असतो.

मुख्य घड्याळ इथून सुरू होतं. ज्या दिवशी रक्त काढलं त्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला युरोपीय संघात प्रवेश नाही. निकाल आल्याची तारीख नव्हे, रक्त काढल्याची. समजा 1 जूनला चिप आणि लस झाली, 5 जुलैला रक्त काढलं. निकाल ऑगस्टमध्ये आला तरी कुत्रा 5 ऑक्टोबरपासून जाऊ शकतो. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा सप्टेंबरअखेर पोचायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याला हे गणित मे महिन्यातच मांडावं लागतं. पिल्लाच्या बाबतीत 12 आठवडे, 30 दिवस आणि तीन महिने अशी बेरीज केली की साधारण सात महिन्यांच्या आतलं पिल्लू भारतातून जर्मनीत जाऊच शकत नाही. गोंडस पिल्लू घेऊन नव्या घरात जायचं स्वप्न ज्यांनी रंगवलंय त्यांनी ते आधीच पुसावं.

निकाल 0.5 च्या खाली आला तर पुन्हा लस, पुन्हा 30 दिवस, पुन्हा नमुना, पुन्हा तीन महिने. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्यात एका डोसने प्रतिकारशक्ती पुरेशी वाढली नाही, असं होऊ शकतं. म्हणून अनेक डॉक्टर नमुन्याआधी दुसरा डोस सुचवतात. तुमचा कुत्रा रस्त्यावरून उचललेला असेल आणि आधीच्या लशी झाल्यात की नाही ठाऊक नसेल, तर हा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा. चांगली बाजू अशी की एकदा निकाल आला आणि पुढच्या लशी वेळेवर होत राहिल्या, तर ही तपासणी परत करावी लागत नाही. जायचं नक्की नसलं, नुसता विचार चालू असला, तरी टायटर करून ठेवायला हरकत नाही. मी तर म्हणेन, जर्मन भाषेचा वर्ग लावाल त्याच महिन्यात चिप घाला.

'मी आधी जातो, कुत्रा मागून येईल'

आपल्या घरांमधला हा ठरलेला बेत. मुलगा पुढे जाऊन घर शोधणार, स्थिरस्थावर होणार, आणि चार महिन्यांनी आई-बाबा भेटायला येताना कुत्र्याला घेऊन येणार. हा बेत नियमात बसत नाही.

कुत्रा 'खासगी, बिनव्यापारी' प्रवासी म्हणून जायचा तर मालकाने त्याच्याबरोबर प्रवास केला पाहिजे. मालकाने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती कुत्र्याला नेऊ शकते, पण मग मालकाचा स्वतःचा प्रवास कुत्र्याच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतर, एवढ्यातच झालेला असावा लागतो. त्याबाहेर गेलात की कुत्रा व्यापारी माल धरला जातो आणि त्याचे नियम पुष्कळ कडक आहेत. कार्गोने एकटा पाठवायचा असला तरी ही पाच दिवसांची अट सुटत नाही.

यातून दोन सरळ वाटा आहेत. पहिली, घर मिळाल्यावर सुट्टी काढून स्वतः परत या आणि कुत्र्याला घेऊन जा. दुसरी, घरातलं जे माणूस नंतर जाणार आहे, समजा बायको दोन महिन्यांनी जाणार आहे, तर सुरुवातीपासून सगळे कागद तिच्याच नावाने करा. चिपची नोंदणी, लसीकरणाची पुस्तिका, प्रमाणपत्र, सगळीकडे मालक म्हणून तीच. ऐनवेळी नाव बदलायला गेलात की प्रश्न सुरू होतात.

विमान: केबिन, सामान की कार्गो

विमान कंपनीला तिकीट काढायच्या आधी फोन करायचा, नंतर नाही. प्रत्येक विमानात किती प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते, काही विमानांच्या प्रकारांत सोय नसते आणि संकेतस्थळावर तिकीट काढताना यातलं काहीच कळत नाही. कुत्र्याच्या जागेचं कन्फर्मेशन लेखी, ई-मेलवर घ्या.

केबिनमध्ये फक्त लहान कुत्रे जातात. लुफ्तान्साची मर्यादा पिशवीसकट 8 किलो आहे, इतरांची वेगळी असू शकते. पामेरियन किंवा शित्झू असेल तर प्रश्न नाही. त्याहून मोठा कुत्रा विमानाच्या पोटात जातो, एकतर तुमच्या तिकिटावरचं जादा सामान म्हणून किंवा कार्गो म्हणून. जिथे प्राणी ठेवतात तो भाग प्रवासी केबिनसारखाच दाबनियंत्रित असतो आणि तापमानही राखलेलं असतं, हे माहीत असलं की आईचा जीव थोडा खाली पडतो. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णतेत आणि ताणात श्वास पुरत नाही. त्यामुळे बऱ्याच कंपन्या त्यांना पोटातल्या भागात घेत नाहीत. ज्या घेतात त्यांच्याकडेही मी पाठवणार नाही.

मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमानं आहेत. चार पैसे जास्त गेले तरी थेट विमान घ्या. कुत्र्याला सगळ्यात जास्त त्रास विमानात होत नाही, तो दोन विमानांच्या मधे धावपट्टीवरच्या गाडीत होतो. शिवाय दुबईसारख्या मधल्या थांब्याचे प्राण्यांबाबतचे स्वतःचे नियम असतात. महिना निवडता येत असेल तर एप्रिल-मे टाळा. फार उकाड्याच्या दिवशी जनावर चढवायला कंपनी नकार देऊ शकते.

एजंट हवा की नको? थेट विमान, एक कुत्रा, जादा सामान म्हणून जागा मिळालेली, आणि कागद नीट वाचायची सवय, एवढं असेल तर नको. कार्गोनेच जावं लागत असेल तर हवा, कारण कार्गोचं बुकिंग आणि कस्टम्सची कामं सामान्य माणसाला झेपत नाहीत. एजंट गाठलाच, तरी तारखांचा हिशेब त्याच्यावर सोडू नका. आणि 'कार्गोशिवाय पर्यायच नाही' असं कुणी म्हणालं तर विमान कंपनीला स्वतः विचारून खात्री करा.

कार्गोचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि पिंजऱ्याच्या आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्यावर लागतं; कुत्र्याच्या बाबतीत ते बहुधा आकारमानाचंच असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं. 91 × 61 × 66 चा पिंजरा घेतला तर 61 किलो होतात. आत 18 किलोचा सडपातळ गावठी बसला असला तरी पैसे 61 किलोंचेच. म्हणून 'थोडा मोठाच घेऊ, ऐसपैस बसेल' हा प्रेमळ विचार खिशाला जड जातो. आणि फार मोठ्या पिंजऱ्यात कुत्रा हेलकावे खातो, ते वेगळंच.

क्रेटचं माप

पिंजरा म्हणजे 'क्रेट', आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांतला हवा. बाजारात 'आयाटा अप्रूव्ह्ड' असं लेबल सगळ्यांवरच असतं, त्याला फारसा अर्थ नाही. माप तुमच्या कुत्र्याला बसलं पाहिजे.

कुत्रा भिंतीला लागून सरळ उभा करा, एकाने बिस्कीट धरा, दुसऱ्याने टेप. चार मापं घ्यायची. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची. खांद्यांपाशी सगळ्यात रुंद जागेची रुंदी. आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. क्रेटच्या आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याच्या निम्मं. रुंदी तिसऱ्याच्या दुप्पट. उंची चौथं माप अधिक खालच्या गादीची जाडी. गावठ्यांचे कान उभे असतात, त्यामुळे उंचीत फसायला होतं: शरीरावरून मध्यम वाटणाऱ्या कुत्र्याला एक नंबर मोठा क्रेट लागतो. कुत्र्याला आत कान न टेकता उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. चेक-इनला हे प्रत्यक्ष बघतात.

दोन अर्धे भाग जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांच्या जागी धातूचे नट-बोल्ट लावा. चाकं असतील तर काढा. चारही बाजूंना हवेची भोकं हवीत. दार धातूच्या जाळीचं. पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं, पण दार न उघडता बाहेरून भरता येईल असं. खाली पाणी शोषणारं पॅड आणि त्यावर तुमची एखादी न धुतलेली जुनी चादर. वर 'जिवंत प्राणी' आणि 'ही बाजू वर' ही स्टिकर्स, शिवाय कुत्र्याचं नाव, तुमचा भारतातला आणि जर्मनीतला फोन. आत पट्टा किंवा साखळी ठेवायची नाही, अडकून गळ्याला फास बसू शकतो. ती तुमच्या हातातल्या पिशवीत.

तीन महिन्यांचा थांबा हा या क्रेटसाठीच देवाने दिलाय असं समजा. आणल्या दिवशी कुत्र्याला आत ढकलून दार लावलं तर त्याला तो जन्मभर तुरुंग वाटेल. पहिले काही दिवस वरचा भाग काढून नुसता खालचा ट्रे हॉलमध्ये ठेवा, त्यात जेवण द्या. मग वरचा भाग, मग दार, मग दार लावून पाच मिनिटं, मग दुपारची झोप. शेवटच्या महिन्यात रात्रभर आत झोपायला लागला की तुमचं काम झालं. आमचा बंड्या जर्मनीत आल्यावरही क्रेटमध्येच झोपतो. पाहुणे आले की पहिला आत जातो आणि तिथून सगळ्यांवर लक्ष ठेवतो.

झोपेचं औषध देऊ नका. कुणी कितीही सांगो. गुंगीत असलेल्या कुत्र्याचा रक्तदाब घसरतो, तोल जातो, आणि तिथे बघायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा दिसला तर विमान कंपनीही नाकारते.

शेवटचे दहा दिवस

युरोपीय संघाचं प्राणी आरोग्य प्रमाणपत्र हा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद. सरकारी पशुवैद्याची सही-शिक्का झाल्यापासून 10 दिवसांच्या आत कुत्रा युरोपीय संघाच्या प्रवेशाच्या विमानतळावर पोचला पाहिजे. त्यामुळे हे काम आगाऊ उरकून ठेवता येत नाही. प्रमाणपत्राचा कोरा अर्ज इंग्रजी आणि पहिल्या प्रवेशाच्या देशाची भाषा, असा दोन भाषांतला घ्यायचा. फ्रँकफर्टला उतरणार असाल तर इंग्रजी-जर्मन. सोबत मालकाने सही केलेलं 'व्यापारासाठी नाही' असं घोषणापत्र.

आपल्याकडे हे काम केंद्र सरकारच्या पशु संगरोध आणि प्रमाणन सेवेकडे आहे. लोक तिला नुसतं 'क्वारंटाइन ऑफिस' किंवा 'एक्यूसीएस' म्हणतात. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद अशी सहा शहरांत आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांना मुंबई. नागपूरकरांना हैदराबाद जवळ पडतं, पण विमान जिथून त्याच केंद्रातून करणं सोयीचं. रेल्वेने यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. गाडीने रात्री निघणं बरं.

नेण्याचे कागद: तुमचा पासपोर्ट आणि व्हिसा, तिकीट, लसीकरणाची पुस्तिका, चिपचं प्रमाणपत्र, टायटरचा मूळ निकाल, आणि नोंदणीकृत पशुवैद्याने नुकतंच दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. कुत्र्यालाही घेऊन या असं सांगतील, तेव्हा वेळ घेतानाच विचारून ठेवा. मधे शनिवार-रविवार आणि सण येतात. गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यात तिकीट असेल तर या दहा दिवसांतले कामाचे दिवस आधी मोजा.

प्रमाणपत्र हातात पडलं की खुर्चीवरून उठण्याआधी तिथेच वाचा. चिपचे 15 आकडे, चिपची तारीख, लशीची तारीख, रक्ताच्या नमुन्याची तारीख. चिप लशीच्या आधीची किंवा त्याच दिवशीची आहे ना? नमुना लशीनंतर 30 दिवसांनी आहे ना? चूक तिथे सापडली तर तासाभरात सुटते. जर्मनीत सापडली तर कुत्र्याला तुमच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये ठेवणं किंवा परत पाठवणं हे पर्याय त्यांच्याकडे असतात, आणि दोन्ही शक्य नसेल तर कायदा त्याला मारण्याचीही मुभा देतो. ही भीती घालायला सांगत नाही, पण पाच मिनिटं वाचायला एवढं कारण पुरे.

एक काम कायद्यात नाही, तरी करा: निघण्याआधी गोचीड तापाची रक्ततपासणी. आपल्याकडे एर्लिकिया, म्हणजे या तापाचा जंतू, घरोघरी आहे, जर्मन डॉक्टरला तो रोज दिसत नाही. तिकडे आजारी पडला तर जुना निकाल डॉक्टरच्या पुढे ठेवता येतो.

निघण्याचा आणि उतरण्याचा दिवस

विमानाच्या चार-पाच तास आधी हलकं जेवण द्या, मग लांब फिरवून आणा. पाणी शेवटपर्यंत चालू. आदल्या रात्री पाण्याचं भांडं फ्रीजरमध्ये ठेवून बर्फ केलात, तर चढवताना सांडत नाही आणि वाटेत वितळून प्यायला मिळतं. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. सुरक्षा तपासणीला कुत्रा बाहेर काढून क्रेट तपासतात, त्या वेळी पट्टा घट्ट हातात हवा; तिथे बिथरून पळालेला कुत्रा पकडणं म्हणजे विमान चुकवणं.

खाऊ बरोबर घेऊ नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यात कुत्र्याचं नेहमीचं खाणं आणि चघळायची कातडी हाडंही आली. डॉक्टरांनी खास आजारासाठी दिलेल्या बंद पाकिटातल्या खाण्याला 2 किलोंपर्यंत सूट आहे. कुत्रा दही-भात आणि दूध-पोळीवर वाढला असेल तर त्याला तीन महिने आधीपासून हळूहळू कोरड्या दाणेदार खाण्यावर आणा. नवं घर, नवी थंडी आणि नवं पोट, तिन्ही एकदम नको.

फ्रँकफर्टला मोठ्या सामानाच्या खिडकीपाशी क्रेट मिळतो. तिथून हिरव्या रांगेत जाऊ नका. भारतातून आलेला कुत्रा कस्टम्सला दाखवणं बंधनकारक आहे, म्हणून लाल रांग. चिप स्कॅन करतात, कागद बघतात. कागद बरोबर असतील तर फार वेळ लागत नाही. दमलात तरी क्रेट इमारतीच्या बाहेर गेल्यावरच उघडा.

पोचल्यावर

घर मिळवणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कटकटीचा भाग आहे. छापील भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं. पण दहा अर्जदार रांगेत असताना घरमालक कुत्रावाल्याला निवडत नाही, हे उघड सत्य आहे. अर्जासोबत कुत्र्याचा फोटो, वय, वजन, विम्याचा कागद आणि जुन्या शेजाऱ्याचं दोन ओळींचं पत्र लावा. कुत्रा लपवून करार करू नका.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तुमची पत्त्याची नोंदणी होते, तेव्हाच कुत्र्याचा कर, 'हुंडेष्टॉयर', भरायची चौकशी करा. कर नगरपालिकेचा, शहरागणिक वेगळा. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो, पुढच्या प्रत्येकाला 180. कर भरला की बिल्ला मिळतो, बाहेर नेताना तो पट्ट्याला लावायचा.

जबाबदारीचा विमा बर्लिन, हॅम्बुर्ग, नीडरझाक्सन अशा काही राज्यांत सक्तीचा आहे. सक्ती नसेल तिथेही घ्या. कुत्रा सायकलवाल्याच्या आडवा गेला आणि तो पडला, तर तुमची चूक असो-नसो, जर्मन दिवाणी कायदा नुकसानभरपाई मालकाकडूनच मागतो. चिपची नोंदणी 'टासो' या संस्थेकडे फुकट होते. भारतातली चिप नोंदणी तिथे दिसत नाही, त्यामुळे कुत्रा हरवला तर हीच नोंद उपयोगाची. लांब पल्ल्याच्या रेल्वेत मोठ्या कुत्र्याला तिकीट आणि तोंडाची जाळी लागते; जाळीची सवय पुण्यातच लावली तर बरं. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते पंजांच्या भेगांत जाऊन झोंबतं. घरी आल्यावर पाय कोमट पाण्याने धुवायचे.

पहिल्या महिन्यातच स्थानिक पशुवैद्याकडे जाऊन युरोपीय पेट पासपोर्ट काढा आणि त्यात टायटर टेस्टचा निकाल नोंदवून घ्या. डॉक्टर स्वतःहून करतीलच असं नाही, मूळ निकाल समोर ठेवून सांगावं लागतं. ही नोंद असेल आणि लशीत खंड नसेल, तर पुढे कधी कुत्र्याला सुट्टीत पुण्याला आणलंत, तरी परत जर्मनीत शिरताना तीन महिन्यांचा थांबा लागत नाही. भारतात आणण्यासाठी मात्र आपल्या क्वारंटाइन ऑफिसचं ना-हरकत प्रमाणपत्र प्रवासाआधीच काढावं लागतं.